पेदादमायसाठी एक पान

हळर्ण, पेडणे
९ नोव्हेंबर १९८६

आदरणीय लुर्दीनबाई यांस,
सविनय नमस्कार.

आपण मला ओळखत नाही, म्हणून प्रथम ओळख देते. मी सत्यवती परब. आपल्या मातोश्रींच्या घरापासून वर चढणीला तिसरे घर आमचे. म्हापशाच्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात मराठी विषय घेऊन शिकते. गावातल्या बहुतेकांप्रमाणे माझाही जन्म आपल्या मातोश्रींच्या हातून झाला. त्यांचे नाव पियेदाद आहे, हे मला त्यांच्या क्रुसावरची अक्षरे वाचून कळले. आम्ही सारे त्यांना ‘पेदादमाय’ म्हणत असू, आणि माझी अशी समजूत होती की देवाने त्यांना तेच नाव देऊन पाठवले असावे.

पत्राचे कारण असे. येत्या १८ जानेवारीला त्यांना जाऊन एक वर्ष होईल. आमचे विठ्ठल मास्तर म्हणतात की, गोव्याच्या मुक्तीनंतर गावात सरकारी मराठी शाळा आली तेव्हा तिला छप्पर नव्हते, आणि पहिली दोन वर्षे ती पेदादमायच्या घरापुढच्या बल्कांवात, दगडी बाकांवर, भरली. म्हणून वर्षश्राद्धाच्या दिवशी (आपल्याकडे यास काय म्हणतात ते कृपया कळवावे) त्यांचा फोटो शाळेत लावावा आणि त्यांच्या आयुष्याविषयी एक पान वाचावे, असे मास्तरांच्या मनात आहे. शालान्त परीक्षेत मराठीत मी तालुक्यात पहिली आले होते, या एकाच अपराधासाठी ते पान लिहिण्याची आणि वाचण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. लिहिण्याचे भय नाही. चार माणसांपुढे उभे राहण्याच्या कल्पनेने मात्र आतापासूनच मला धास्ती वाटते.

मला त्यांच्याविषयी फार थोडे ठाऊक आहे. उन्हातून येणारी काळी छत्री, अनवाणी पाय, आणि आमच्या दारात येऊन “कोण जिवंत आसा गो घरात?” असे मोठ्याने विचारणे. एवढ्यावर पान भरत नाही. आपण चार गोष्टी कळवल्या, आणि एखादा फोटो पाठवू शकलात, तर गावावर उपकार होतील.

आपली नम्र,
सत्यवती परब


खडकी, पुणे
२१ नोव्हेंबर १९८६

प्रिय सत्यवतीबाय,

तुझं पत्र वॉर्डात वाचलं. पाठीमागे एक पेशंट ओरडत होता, तरी दोनदा वाचलं. एवढं शुद्ध मराठी मला कुणी लिहीत नाही. ‘आदरणीय’, ‘सविनय’, ‘मातोश्री’! आई असती तर म्हणाली असती, “कोण गो ही मातोश्री? तिका जेवाक बोलाव.” मला मावशी म्हण. मी चोपन्न वर्षांची नर्स आहे. आदर मिळतो तो फक्त इंजेक्शन हातात असताना.

आमच्याकडे त्या दिवशी मीस असतं, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. पेडण्याच्या इगर्जीत पाद्रीबाबाला मी कळवलं आहे. तुमचा कार्यक्रम शाळेत करा. दोन्ही करा. आईला दोन्हीकडची सवय होती.

आता लिहून घे. जन्म १९०३. लग्न सोळाव्या वर्षी. माझे पाय, म्हणजे वडील कायतान, जहाजावर कुजनेर, स्वयंपाकी. मी चार वर्षांची असताना तापानं आफ्रिकेत गेले. पेटी परत आली, माणूस आलं नाही. भाऊ मिंगेल आणि मी. आईच्या सासूला सुईणपण येत होतं, तिनं आईला शिकवलं. त्यानंतर पन्नास वर्षं आई तेवढंच करत राहिली. हळर्ण, आजूबाजूचे वाडे, नदीपलीकडेसुद्धा.

तिच्याकडे घड्याळ नव्हतं, हे लिही. कळांमधलं अंतर ती जपमाळेवर मोजायची. कळ सुटली की ‘नमान मोरिये’ सुरू. वीस मणी झाल्यावर पुढची कळ आली तर “अजून वेळ आसा, पेज खावन घे” म्हणायची. पाच मण्यांवर आली की बाह्या वर. तुमच्या वाड्यावरच्या कितीतरी बायकांना आमची ती प्रार्थना पाठ झाली असेल. तुझ्या आईला विचार.

मूल सहा दिवसांचं झालं की सटीला नारळ, तांदूळ, खण मिळायचा. ती मागच्या दाराशी बसायची, आत जायची नाही. मला त्याचा राग यायचा. मी म्हणायचे, “बाळंतिणीच्या खोलीत चालतेस, आणि चुलीपाशी नाही?” ती म्हणायची, “भुरगें आपणाक जाय तेन्ना आपयता, आपणाक जाय तेन्ना भायर बसयता. संवसार तसोच.” म्हणजे, मूल हवं तेव्हा बोलावतं, हवं तेव्हा बाहेर बसवतं, जग असंच. ती कुणाचा राग धरत नव्हती, तो मी धरायचे.

शाळेचंही सांगते. माझ्या लहानपणी पोर्तुगीज राज्यात देवळाच्या पडवीत मराठी शाळा भरायची. मी खाली पायरीवर बसून चार यत्ता शिकले. गुरुजी पाटी पायरीपर्यंत आणून द्यायचे. आई ते विसरली नव्हती. म्हणून पुढं बल्कांव दिला. आता माझा भाऊ नैरोबीत, घराला कुलूप. फोटो सोबत आहे. एकच आहे, जपून वापर.

तुझी,
लुर्दीनमावशी


हळर्ण
१४ डिसेंबर १९८६

प्रिय लुर्दीनमावशी,
सा. न.

फोटो सुखरूप पोहोचला. आईला दाखवला तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली. आपण लिहिल्याप्रमाणे जपमाळेविषयी विचारले, तर भाकरी थापता थापता तिने ‘नमान मोरिये’ अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवली, आणि वर म्हणाली, “मधेच थांबता येत नाही गो, म्हटली की अजून पोटात गोळा येतो.” मी हे पानात घेतले आहे.

आपल्याला कसे लिहावे हे कळत नाही, असे काहीतरी आता लिहावयाचे आहे. चार दिवस मी हे पत्र टाळत होते.

गावातले दिवस चांगले नाहीत. भाषेच्या वादावरून बंद, मोर्चे चालू आहेत. शाळेच्या भिंतीवर कोणी मराठीच्या घोषणा लिहिल्या, त्यावर दुसऱ्या कोणी चुना फासला. अशा हवेत मास्तरांनी फोटोचा विषय काढला, तेव्हा शाळा समितीचे धाकू गावस म्हणाले, “फोटो लावायचा तर एखाद्या साधुसंताचा लावा.” मास्तर म्हणाले, “तुझी नाळ कोणी कापली रे धाकू? साधुसंतानं?” सगळे हसले आणि विषय मिटला, असे वाटले होते.

परंतु आमच्या सगुणआत्याने तो पुन्हा उघडला. सगुणआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि आमचे घर तिच्याच शब्दावर चालते. ती म्हणाली, “तिचा फोटो शाळेत नको. ती पोरांच्या कपाळावर पाणी घालायची. ह्या सत्यवतीच्या जन्माच्या वेळी मी दारातून बघितलं. बाटलीतून पाणी घातलं आणि तोंडातल्या तोंडात मंत्र म्हटला.” मी जन्मले तेव्हा निळी पडले होते, वाचण्याची आशा नव्हती, एवढे मी ऐकून होते. बाटलीचे प्रथमच ऐकले. आता गावात सगळे म्हणतात की पेदादमायने मरणोन्मुख मुले न विचारता क्रिस्ताव केली. मास्तर मला म्हणाले, “खरे काय ते कळल्याशिवाय पान वाचता येणार नाही, आणि फोटोही नाही.”

मावशी, मी पान लिहिले आहे आणि त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटतो. म्हणूनच विचारते. आपल्या आईने तसे केले होते का?

आपली,
सत्यवती


खडकी
२९ डिसेंबर १९८६

सत्यवती,

पत्र नाताळच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. ज्या गावाला माझ्या आईनं पन्नास वर्षं दिली, त्या गावाला ती चोर वाटते. फोटो परत पाठव. पान तुझ्याकडे ठेव.

लुर्दीन


हळर्ण
११ जानेवारी १९८७

प्रिय लुर्दीनमावशी,

फोटो रजिस्टर पोस्टाने पाठवीत आहे. दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधला आहे. सोबत पानही जोडले आहे, कारण ते आपल्या आईचे आहे आणि माझ्याजवळ ठेवण्याचा मला अधिकार नाही.

मी प्रश्न विचारला, याबद्दल क्षमा मागत नाही. विचारण्याची रीत चुकली, याबद्दल मागते. गावाने विचारले म्हणून मी विचारले असे आपल्याला वाटले असेल. तसे नव्हते. ते कपाळ माझे होते. मी आरशात पाहते आणि वाटते की, माझ्याविषयीची एक गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि मला नाही. पेदादमाय दारात येऊन हाक मारायची, तेव्हा धावत जाऊन तिची छत्री मी धरायची. त्या हाकेवर शंका घेऊन मला जगायचे नाही. आणि खोटा विश्वास ठेवूनही जगायचे नाही.

शाळेतला कार्यक्रम रद्द झाला आहे. अठरा तारखेला मी पेडण्याला इगर्जीत जाईन आणि मागे उभी राहीन. आपली हरकत नसावी.

सत्यवती


खडकी
१५ फेब्रुवारी १९८७

प्रिय सत्यवतीबाय,

मी अठराला पेडण्याला आले होते. शेवटच्या खांबाजवळ वेण्या घातलेली, कधी उठायचं आणि कधी गुडघे टेकायचे ते शेजारणीकडे बघून करणारी मुलगी बघितली. तूच असणार. मी बोलले नाही. हट्टी आहे, आईवर गेले नाही. पान तिथून परतल्यावर वाचलं. बसमध्येच रडू आलं असतं, म्हणून घरी येऊन वाचलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नीट वाच.

आमच्या धर्मात शिकवतात की, मरणाऱ्या मुलाला बाप्तिस्मा दिला नाही तर त्याला स्वर्ग मिळत नाही. पाद्री जवळ नसेल तर कुणीही द्यावा. सुईणींना तर पाद्री मुद्दाम शिकवायचे. आईच्या पिशवीत इगर्जीतल्या पाण्याची बाटली असायची. हे खरं आहे.

१९४६ साल. मी चौदा वर्षांची. आई सकाळी एका पहिलटकरणीकडून आली ती बल्कांवात बसली ती उठेना. मूल गेलं होतं. जाण्याआधी तिनं त्याच्या कपाळावर पाणी घातलं होतं, आणि नेमकं त्याच वेळी त्या पोरीनं डोळे उघडले. विचारलं, “माय, ह्या काय केलंस गो?” आईला खोटं बोलता यायचं नाही. तिनं सांगितलं. पोरगी म्हणाली, “माजा पोर माज्याकडसून गेला. आता आमच्या देवाकडसूनय न्हेलंस?” आई दिवसभर हे एकच वाक्य म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं ती बाटली इगर्जीत परत नेऊन ठेवली. मी सोबत होते. पाद्री रागावला. म्हणाला, “उद्या एखादं मूल तुझ्या हातात असं गेलं, तर देवापुढं जबाब कोण देणार?” आई म्हणाली, “जाप हांव दितलीं.” जबाब मी देईन. एवढंच. इगर्जीवर आणि देवावर तिचा माझ्याहून शंभर पटीनं विश्वास होता, सत्यवती. आपण पाप करतोय असंच तिला वाटत होतं. ते पाप डोक्यावर घेऊन ती पुढची चाळीस वर्षं जगली, पण न विचारता पाणी घातलं नाही. त्या पोरीचं नाव तिनं मलाही कधी सांगितलं नाही.

म्हणून तुझ्या वेळी तिच्या पिशवीत बाटली असूच शकत नाही. पण तू जन्मलीस तेव्हा मी पुण्यात होते. तुझ्या आत्यानं काय बघितलं ते मला माहीत नाही. शपथ घेता येत नाही.

फोटो आणि पान पुन्हा पाठवते आहे. वाचायचं असेल तर ४६ सालासकट सगळं वाच. नाहीतर काहीच वाचू नकोस. अर्धी आई मला नको. आता कोंकणी राजभाषा झाली, तुला वाईट वाटत असेल. तू मराठीतच लिही. आईला दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या, ती रुसणार नाही.

लुर्दीनमावशी


हळर्ण
७ जून १९८७

प्रिय लुर्दीनमावशी,
सा. न.

इतका काळ उत्तर लिहिले नाही, कारण जे लिहावयाचे होते ते सांगण्याची मला मुभा नव्हती. आता ती मिळाली आहे. क्रमाने सांगते.

आपले पत्र मी आईला स्वयंपाकघरात वाचून दाखवले. तिला वाचता येत नाही. “बाटली असूच शकत नाही” या वाक्यापाशी तिने चुलीतले लाकूड बाहेर ओढले, विझवले आणि म्हणाली, “दार लाव.”

माझ्या जन्माच्या आदल्या दिवशी आईने सातेरीच्या देवळातून तीर्थ आणून एका लहानशा बाटलीत भरून कोनाड्यात ठेवले होते. पहिली दोन मुले तिची गेली होती, म्हणून. मी जन्मले ती निळी. परंतु जन्म होताच सोयर लागले. सोयरात बाळंतिणीने तीर्थाला हात लावायचा नाही, देवीचे नाव तोंडात घ्यायचे नाही. घरातले कोणीही आत येऊन ते करणार नाही. मग आई पेदादमायला म्हणाली, “माय, तुला आमचं सोयर लागत नाही. तूच घाल. आणि तिचं नाव तूच घे.”

आई म्हणते, पेदादमायने कोनाड्यातून बाटली काढली. मग तिने आधी आपल्या छातीवर क्रुसाची खूण केली, बाटली उघडली, माझ्या कपाळावर तीर्थ घातले आणि म्हणाली, “सातेरी आवय, हें तुजें भुरगें. तूंच सांबाळ.” मग माझे पाय धरून मला उलटे केले आणि पाठीवर एक चापट मारली. मी रडले.

दारातून आत्याने एवढेच पाहिले: बाटली, पाणी आणि हलणारे ओठ.

“मग एकोणीस वर्षं बोलली का नाहीस?” मी विचारले. आई म्हणाली, “काय सांगू? सोयरात देवीचं तीर्थ काढलं म्हणून? तुझ्या आत्यानं मला उभी ठेवली नसती. तूही सांगायचं नाहीस.” तिने माझ्याकडून तसे वचन घेतले.

मावशी, माझ्याजवळ सत्य होते आणि ते उघड करता येत नव्हते. मास्तरांना मी इतकेच सांगितले की, पान वाचण्यास मी तयार आहे, सारे वाचेन, आणि नंतर लोकांनी ठरवावे. गोवा राज्य झाल्याचा समारंभ ३१ मे रोजी रविवारी शाळेत व्हायचा होता. मास्तरांनी त्यालाच हे जोडले. म्हणाले, “पेढे खायला लोक येतीलच, त्यातच उरकू. तोंड गोड असलं की धाकू कमी बोलतो.”

मी वाचले. कागदाचे दुसरे टोक मास्तरांनी धरले होते. जपमाळेचे वाचले तेव्हा बायका हसल्या. पायरीवरच्या शाळेचे वाचले तेव्हा कोणी हसले नाही. मग १९४६ सालाचे वाचले, आपल्या शब्दांत, एकही शब्द न गाळता. मला वाटले, मी चूक केली.

धाकू गावस उठले. मला वाटते, त्यांनाही वाईट वाटत होते. परंतु एकदा बोललेले मागे घेणे त्यांना जमत नसावे. म्हणाले, “सगळं ऐकलं. ती बाटली परत ठेवून आली, बरं केलं. मग हिच्या वेळची बाटली कुठून आली? ते तेवढं सांग गो.”

मी मान खाली घातली. आईला दिलेले वचन मोडता येत नव्हते.

बायकांच्या बाजूने आवाज आला, “बाटली माझी होती.”

आई उभी होती. ताराबाई परब, जी बाजारात भाव विचारतानाही नवऱ्याच्या मागे उभी राहते, ती! डोक्यावरचा पदर घट्ट धरून तिने सारे सांगितले. तीर्थ, सोयर, सातेरी. शेवटी म्हणाली, “पाप झालं असेल तर माझं. तिच्या देवापुढं तिचंही झालं असेल. तिनं ते माझ्या पोरीसाठी केलं. आता कोणाला काय म्हणायचं ते मला म्हणा.”

बायकांमधून शेवंताकाकी उठून म्हणाल्या, “माझ्या दोघांच्या वेळी तिनंच आमच्या वेतोबाला नारळ बोलला होता. मी पण कधी सांगितलं नाही.” मग पाठीमागून आणखी एक, मग आणखी एक. धाकू गावस खाली बसले. पुन्हा उठले, आणि खुर्चीवर चढून स्वतः फोटोचा खिळा ठोकला. तो वाकडा बसला आहे.

या साऱ्यात सगुणआत्या मात्र निघून गेली होती. तीन दिवस ती आईशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. आम्हाला वाटले, सोयराचा राग. चौथ्या दिवशी आम्ही दोघी पडवीत आमसुले निवडीत होतो. मान वर न करता तिने विचारले,

“त्या शेचाळीस सालच्या पोरीचं नाव तिनं कोणालाच सांगितलं नाही?”

“नाही, आत्या.”

“लुर्दीनीक पण?”

“त्यांनाही नाही.”

तिने हातातली आमसुले सुपात ठेवली. “पहिलं बाळंतपण माहेरी असतं गो,” ती म्हणाली. “मी ह्याच घरात, ह्याच खोलीत होते.”

मावशी, मी तिच्याविषयी मनात काय काय बोलले होते, ते सारे मला एकदम आठवले. माझ्या जन्माच्या वेळी दारात उभी असलेली ती दुष्ट बाई नव्हती. तिने तेच पाणी पुन्हा एकदा पाहिले, असे तिला वाटले होते.

पुढील मजकूर आत्याचा आहे. तिने सांगितला तसा लिहिते, माझ्या भाषेत सुधारत नाही:

“लुर्दीन, माका लिवूक येत नाय. तुजी आवय वाईट नव्हती ता माका तेव्हाय ठावक होता. त्यानंतर ती माज्या दारात येयची, तेव्हा मी भितर जायची. ती बाटली परत ठेवन इली ता माका कोणी सांगूक नाय. सांगला असता तर मी भायर इले असते. आमच्यात इतक्या लहान पोराचा श्राद्ध करत नाय. पुरतत आणि गप्प रवतत. चाळीस वर्सां मी गप्प आसंय. माका एकच सांग. माज्या पोराचा तुज्या आवयन मागीर कधी नाव काढलान?”

आपली,
सत्यवती


खडकी
२० जून १९८७

प्रिय सगुणबाई,

हे सत्यवती वाचून दाखवेल. हळू वाच गो सत्यवती.

नाव तिनं काढलं नाही, कारण तिला ते माहीत नव्हतं. पण ऐका.

दोन नोव्हेंबर हा आमचा सगळ्या मेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी आई सिमितेरीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, मेणबत्त्या लावायची. एक माझ्या पायसाठी, एक आजीसाठी, एक आजोबांसाठी. आणि मग थोडी बाजूला, कुंपणाजवळ, एक बारीकशी. मिंगेल विचारायचा, ही कुणाची? ती म्हणायची, “एका भुरग्याची.” आम्हाला वाटायचं, आमच्या आधी तिचं एखादं गेलं असेल. विचारायला धीर झाला नाही. ती शेवटची अंथरुणाला खिळली त्या वर्षी मी रजा घेऊन आले होते. तेव्हा तिनं मला पाठवलं, आणि चार लावायला सांगितल्या. मी तीन लावल्या असत्या तर तिला कळलं असतं, म्हणून चार लावल्या. एकोणचाळीस वर्षं, सगुणबाई. एक वर्ष चुकलं नाही.

ताराबाईला सांगा की, १९६७ च्या नाताळला मी घरी आले होते तेव्हा आई मिसाला गेली पण कोमुन्यांव, म्हणजे वेदीपाशी मिळणारा प्रसाद, घ्यायला उठली नाही. मनावर पाप असलं की आमच्यात तो घेत नाहीत. जागेवर बसून राहिली. मी कारण विचारलं तर म्हणाली, “म्हजें आनी देवाचें एक उलोवप उरलां.” आमचं दोघांचं एक बोलणं राहिलंय. ते बोलणं कशाबद्दल होतं ते मला आता कळलं. सत्यवती त्या वेळी दोन आठवड्यांची होती.

गेल्या वर्षी दोन नोव्हेंबरला मी कामावर होते. आईची मेणबत्ती मिंगेलच्या मित्रानं लावली, चौथी कुणीच लावली नाही. तुमच्या पत्रानंतर ते मनातून जात नाही. या वर्षी मी रजा टाकली आहे. दोन नोव्हेंबरला सोमवार येतो. मी सकाळच्या पहिल्या बसनं हळर्णला येईन आणि तुम्हाला घेऊन पेडण्याला जाईन. गुडघे दुखत असले तर टॅक्सी करू. सोयर, सुतक, देऊळ, इगर्ज, कुणी काय म्हणायचं ते म्हणू द्या.

मेणबत्ती मी आणते. तुम्ही त्याचं नाव आणा. मनात तरी ठेवलं असेलच.

लुर्दीन


हळर्ण
२९ जून १९८७

प्रिय लुर्दीनमावशी,

पत्र दोनदा वाचून दाखवले. उत्तर लिहू का, असे आत्याला विचारले तर म्हणाली, “तो नोव्हेंबरचा सोमवार येऊ दे.”

आज पहाटे ती आईच्या शेजारी चुलीपुढे येऊन बसली, आणि इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते ते आपणहून म्हणाली, “सुभाष. त्याचं नाव मी सुभाष ठेवलं होतं.”

आईने तिच्या हातात चहाचा कप दिला. दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. मी आत गेले नाही.

आपली,
सत्यवती